जपून ठेवलेल्या बुटांचाच सोल आधी सुटतो: बूट घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरच्या बाजूने चढताना तोलार खिंडीच्या वर कातळाचा एक टप्पा लागतो. रेलिंग आहे, तरी पावसाळ्यात तिथे पाय जपूनच टाकावा लागतो. त्याच टप्प्यावर माझ्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला. आधी वाटलं चिखलाचं ढेकूळ चिकटलंय, म्हणून पाय आपटला, तर सोल चवड्यापाशी लोंबकळायला लागला. हातात घेऊन पाहिलं. मधला राखाडी थर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटांत कुस्करत होता. वरचं चामडं मात्र नवंकोरं, एक टाका उसवलेला नाही.

बूट भारीतले होते. मिनेसोटातल्या मावसभावाने सहा वर्षांपूर्वी दिलेले, तिकडे हरणाच्या शिकारीला घालतात तसे, आठ इंच उंचीचे. "दादा, वीस वर्षं बघायला नको," असं तो म्हणाला होता. मीही ते खास ट्रेकसाठी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मुलुंडच्या घरातल्या माळ्यावर ठेवले. सहा वर्षांत जेमतेम चार वेळा घातले असतील.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. पण असे शिकारी बूट परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून, सेलमधून, कधी चोरबाजारातून आपल्यापर्यंत येतात, आणि ट्रेकर, पक्षी बघणारे, जंगलात काम करणारे ते घेतात. सोल सुटला की सगळे एकच म्हणतात, "गम चांगला नव्हता." बऱ्याचदा गमाचा काही दोष नसतो, आणि हे समजून न घेतल्यामुळेच पुढच्या सगळ्या चुका होतात.

सोल सुटत नाही, आतून सडतो

चामड्याचा वरचा भाग आणि तळाचं रबर यांच्यामध्ये बहुतेक चांगल्या बुटांत एक फेसाळ थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. तो पुष्कळदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. पीयू हलका असतो, उतारावर गुडघ्यांना बसणारे दणके झेलतो आणि चालून चालून लवकर दबत नाही. म्हणूनच महागड्या बुटांत तो वापरतात. पण त्याचा जो प्रकार जास्त वापरला जातो, त्याचे रासायनिक बंध पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटतात. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं. बूट पावसात भिजायलाच हवा असं नाही, हवेतला दमटपणा पुरेसा असतो. उष्णता असेल तर काम आणखी लवकर होतं.

आता मुंबईची हवा डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, मीठ बरणीत पाणी धरतं. त्याच हवेत, उन्हाने तापणाऱ्या स्लॅबखालच्या माळ्यावर, तोंड बांधलेल्या पिशवीत बूट पडून असतो. आत अडकलेल्या दमटपणाला बाहेर जायला वाट नाही. नेहमी वापरातला बूट पावलागणिक दाबला जातो, सुटतो, ओल बाहेर पडते, त्याला हवा लागते. म्हणून रोज घातलेला बूट टिकतो आणि जपलेला बूट पहिल्याच चढणीला दगा देतो. बूट बनवणाऱ्या कंपन्याही तो अधूनमधून घालत राहा असंच सांगतात.

पीयू मिडसोलचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं धरतात, आणि ते मोजायचं बनवल्याच्या तारखेपासून. तुम्ही पहिल्यांदा घातला त्या दिवसाला इथे काही अर्थ नाही. मुंबईत राहणाऱ्याने पाचच धरावीत असं माझं मत आहे.

घेताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे तारीख न बघणं. डब्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पुष्कळ बुटांच्या जिभेच्या आतल्या लेबलवर किंवा सोलच्या कमानीत, साच्यातच उठवलेल्या छोट्या गोल खुणेतही ते सापडतं. निम्म्या किमतीला मिळणारा 'जुना स्टॉक' चार वर्षं गोदामात पडून असेल, तर तुम्ही निम्मं आयुष्य संपलेला बूट घेताय. रबराच्या तळव्याला याची भीती नाही. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फेसाळ प्लास्टिकचा मिडसोलही असा भुसभुशीत होत नाही, तो फक्त कालांतराने दबून बसतो. मुंबईत वर्षातून चार-पाचच ट्रेक करणाऱ्याला मी ईव्हीएचा बूट घ्यायला सांगतो. तो पीयूइतका चालणार नाही, पण दबून बसला तर ते आपल्याला कळतं, अचानक कातळावर उघडत नाही.

दुसरी फसगत शिवणीची. सोलच्या कडेने जाड पिवळा दोरा दिसला की आपण म्हणतो, "शिवलेला आहे, सुटणार नाही." पुष्कळदा ती नुसती नक्षी असते, कधी तर रबराच्या साच्यातच टाक्यांचा आकार उठवलेला असतो. बूट उलटा करा. खरी शिवण तळाला, एका खाचेत आलेली दिसते. काही प्रकारांत ती आत असते, तेव्हा आतली गादी उचलून बघा, टाके तिथे सापडतील. गुडइयर वेल्ट म्हणतात त्या पद्धतीत वरच्या चामड्याला आधी एक पट्टी शिवतात आणि त्या पट्टीला सोल शिवतात. असा बूट जड असतो, महाग असतो, पहिले पंधरा दिवस पाय सोलवटून काढतो. पण तळ झिजला की दुसरा लावता येतो. कुर्ला-चेंबूरच्या मधल्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणं बनवणारे कारखाने आहेत, तिथल्या कारागिराला असा बूट दाखवलात तर तो आधी पट्टीच बघतो. पट्टी शाबूत असेल तर बुटात अजून जीव आहे.

चिकटवलेला सोल वाईट असतो असं मात्र समजू नका. हलके बूट जवळजवळ सगळे चिकटवलेलेच असतात आणि नीट चिकटवलेला सोल झिजून जाईपर्यंत सुटत नाही. दुकानात बूट दोन्ही हातांनी चवड्यापाशी वाकवा आणि सोलची कड उजेडात धरा. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूला केसाएवढी फट उघडली तर ठेवून द्या. सोल अंगठ्यावर थोडा वर चढवलेला असेल तर उत्तम, कारण दगडाला ठेच लागते ती तिथेच आणि सोल उघडायला सुरुवातही तिथूनच होते.

सोलवर व्हिब्रम या रबरी तळ बनवणाऱ्या इटालियन कंपनीचा पिवळा अष्टकोनी शिक्का दिसला की अनेकजण डोळे मिटून पैसे देतात. १९३५ साली इटलीतल्या एका पर्वतावर सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या दुःखातून व्हिब्रमचे संस्थापक व्हिताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी सोल घडवला आणि १९३७ साली तो बाजारात आला. रबर चांगलंच असतं. पण तो शिक्का फक्त तळाच्या रबराचा. त्याच्या वर मिडसोल कसला घातला आणि गम कसा लावला, हे बूट बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. माझ्या बुटाचा तळ त्या दिवशीही उत्तम पकड देत होता, फक्त तो पायाला जोडलेला नव्हता.

शिकारी बुटांच्या लेबलवर '४०० ग्रॅम', '८०० ग्रॅम' असं लिहिलेलं असतं. तो बुटाचा वजनआकडा नव्हे, आतल्या उबदार अस्तराच्या दर चौरस मीटरमागचा आहे. नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या थंडीत तासन्‌तास एका जागी बसून राहणाऱ्या शिकाऱ्यासाठी ते भरतात. कर्जतच्या लोकलमधून उतरून पेबचा किल्ला चढणाऱ्याच्या पायाला त्यात घामाच्या धारा लागतात, अस्तर ती ओल रात्रभर धरून ठेवतं, आणि मिडसोलला ती आतूनही मिळते. वॉटरप्रूफ अस्तराचंही तसंच. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, मोज्यावाटे आत येतं आणि मग बाहेर जात नाही. जुलैच्या ट्रेकला साधा जाळीचा, पाणी निथळून जाणारा बूट मला केव्हाही बरा वाटतो.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारातून सेफ्टी शूज घेऊन ते डोंगरावर नेणारेही आहेत. ते कारखान्यासाठी असतात. पुढे लोखंडी टोपी, उतरताना बोटं तिच्यावर आदळतात, आणि सोल पुष्कळदा अखंड पीयूचाच. शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी चिखलात उभं राहून पक्षी बघायचे असतील तर सरळ गमबूट घ्या. एकसंध साच्यातला असतो, सुटायला त्यात वेगळा सोलच नाही.

घरी आणल्यावर

ट्रेकहून आलं की ओला बूट गॅसजवळ, गच्चीतल्या भर उन्हात किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नका. उष्णतेने गम मऊ पडतो, चामडं आकसतं आणि पुढच्या टोकाला सोल ओढला जातो. वॉशिंग मशीन तर नाहीच. लाल माती ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा, नाड्या आणि गादी वेगळी करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. पहिले बोळे तासाभरात चिंब होतात, ते बदलले नाहीत तर सगळी मेहनत फुकट. वाळायला दोन दिवस लागतात, मुंबईत पावसात तीन.

नंतर पिशवी नको, बंद डबा नको. उघड्या रॅकवर, वारा लागेल असे ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी बाजारात जाताना घाला.

मे महिन्याच्या अखेरीला, पहिला ट्रेक ठरायच्या आधी, मिडसोलमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघा. दबून परत वर आला तर ठीक. खळगा तसाच राहिला, बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला, तर तो बूट डोंगरावर नेऊ नका.

मोचीकडे नेण्याआधी

सुटलेल्या सोलचे दोन्ही पृष्ठभाग बघा. स्वच्छ, कोरडे, गमाचा पापुद्रा दिसणारे असतील तर तो पुन्हा चिकटतो. भुगा निघत असेल तर कितीही गम लावा, तो भुग्याला चिकटणार आणि भुगा बुटाला नाही. मग मधला थरच बदलावा लागतो, आणि साच्यात ओतलेल्या सोलच्या बाबतीत ते परवडत नाही.

घरी फेव्हिक्विक लावण्याचा मोह टाळा. ते काचेसारखं कडक होतं आणि चवडा वाकला की तडकतं. वर ते कडक थर खरवडून काढायचं काम मोचीच्या गळ्यात पडतं. मोची वापरतो ते सोल्युशन, म्हणजे सिंथेटिक रबराचा गम, वाकणाऱ्या वस्तूसाठीच आहे. पण त्यालाही घाई चालत नाही. जुना गम पॉलिशपेपरने घासायचा, दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावून बघितलं की चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हाच दाबायचं आणि हातोडीने ठोकायचं. ओला गम लगेच दाबला तर आतला द्रव अडकून राहतो. भर पावसात, दमट हवेत गम वाळताना त्याच्यावर पांढुरकी वाफ धरते, तो जोडही कच्चा राहतो. म्हणून हे काम उघडिपीच्या दिवशी करून घ्या आणि बूट एक दिवस पायात घालू नका. मोची म्हणाला, "साहेब, चारी बाजूंनी शिलाई मारून देतो," तर साध्या बुटाला जरूर मारून घ्या, फक्त दोरा तळाच्या खाचेत बसवायला सांगा, नाहीतर बेसॉल्टवर तो एका दिवसात घासून तुटतो. वॉटरप्रूफ बुटाला मात्र प्रत्येक टाका म्हणजे एक भोक.

आणि डोंगरावरच सुटला तर

त्या दिवशी मी कातळावरून बसत बसत खाली आलो, तोलार खिंडीत सोल नाडीने बांधला आणि खिरेश्वर गाठेपर्यंत ती नाडी दोनदा तुटली. गावात एका घरापुढे थांबून विचारलं, "मामा, सुतळी मिळेल का जरा?"

"सुतळी दगडावं किती टिकंल? थांबा, ट्यूब हाय."

त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे गोल काप काढले आणि दोन चवड्यावर, एक कमानीत, असे ताणून चढवले. मग डाव्या पायाकडे बोट दाखवलं. "त्यो बी जाईल आता. दोन्ही येकाच दिवशी केलेलं नव्हं का?" डावा सोल तोवर धड होता. एसटी यायच्या आधी त्याचीही टाच उघडली.

ट्यूबचे काप ओल्या कातळावर घसरत नाहीत, कारण ते रबरच आहे. चिकटपट्टी ओल्या बुटाला धरत नाही आणि खडकावर लवकर फाटते. प्लास्टिकचे केबल टाय चालतात, पण त्यांची गाठ पायाच्या वरच्या बाजूला, नाडीजवळ आणा, तळाला आली तर पाय सटकतो. एक सोल सुटला की दुसराही लगेच बांधा, पुढचा टप्पा सोडा आणि सर्वांत सोप्या वाटेने उतरा. दर अर्ध्या तासाने थांबून काप सरकलाय का ते बघा, सरकला असेल तर पहिला काप सोलच्या पुढच्या टोकापासून तीन बोटं मागे घ्या.