क्लचचा नट आवळण्याआधी पेडल हाताने दाबून बघा

जुन्या मारुती 800चा क्लच नीट लागेना की बरेच जण थेट नट आवळतात. तसं करू नका. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हलकेच दाबा; जड लागण्याआधी ते साधारण दोन सेंटिमीटर मोकळं जायला हवं. त्याहून जास्त गेलं आणि रिव्हर्स टाकताना करकर होत असेल, तरच गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी असलेला नट थोडा आवळा. मोकळीक उरलीच नसेल तर चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. तेव्हा नट सैल करायचा, कारण क्लचची प्लेट झिजते तशी ही मोकळीक कमी होत जाते. पेडलपासून त्या लिव्हरपर्यंत जाणाऱ्या केबलचं टोकही फडक्याने पुसून बघा. एक जरी तार उसवलेली दिसली तर केबल बदलाच.