टायर बदलावा की ठिगळ लावावं? माझा अनुभव

सिंहगड रस्त्यावर सायकलचं चाक काचेवरून गेलं. पंक्चर मीच काढलं, पण हवा भरताच टायरच्या बाजूला, रिमजवळच्या चिरेतून ट्यूब फुग्यासारखी डोकावू लागली. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर एवढीशी चीर असती, तर आतून जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून भागलं असतं. बाजूचा भाग मात्र पातळ. तिथले धागेच तुटले होते, आणि हवेचा दाब पेलतात ते धागे, रबर नव्हे. बिस्किटच्या पुड्याचं वेष्टन घडी करून आत सरकवलं (बिस्किटं आधी संपवली, अर्थात), हवा कमीच भरली आणि कसाबसा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी नवा टायर. या वेळी जुन्यावरचा २६ × १.९५ हा मापाचा आकडा (इंचात व्यास आणि रुंदी) लिहून नेला. मागे अंदाजाने आणलेला अजून माळ्यावर पडलाय.