डोंगरमाथ्यावर एरोसोल (हवेतले सूक्ष्म कण) मोजताना या चुका टाळा

महाबळेश्वरला साधारण १,३५० मीटरवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग इमारतीलाच वेढून बसतो. अशा जागी ब्युटानॉलवर चालणारा कण-काउंटर (सीपीसी) लावला की कणांचा आकडा लगेच दिसतो. (ब्युटानॉल हे अल्कोहोल; त्याची वाफ कणांवर बसून त्यांना मोजण्याइतकं मोठं करते.) तो चुकलाच, तर यंत्राआधी त्यात हवा आणणारी नळी तपासा.

नळी रुंद केली की कण वाचतात, हा गैरसमज. १० नॅनोमीटरचा कण भिंतीला लागला की तिथेच चिकटतो, आणि संथ प्रवाहात हे नुकसान ठरतं ते लांबी आणि प्रवाहावर, व्यासावर नाही. ३ मीटर नळीतून मिनिटाला १ लिटर ओढलंत, तर असे सुमारे २० टक्के कण वाटेतच जातात. जादा पंपाने ५ लिटर ओढा आणि यंत्राच्या तोंडाशी त्यातलं १ घ्या. नुकसान ७-८ टक्क्यांवर येतं. नळी स्टेनलेस स्टीलची हवी. साध्या प्लास्टिकवरचा विद्युतभार कण खेचून घेतो.

नळीतल्या हवेची आर्द्रता ४० टक्क्यांखाली आणा, पण हवा थेट सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) दाण्यांतून ओढू नका: कण दाण्यांवर बसतात आणि जेलची धूळ मोजली जाते. त्याऐवजी डिफ्युजन ड्रायर वापरा: त्यात हवा मधल्या जाळीच्या नळीतून जाते, जेल बाहेर राहतं. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. जुलैत रोज बघा. ओली हवा आत गेली तर पाणी ब्युटानॉलमध्ये उतरतं, आकडा सावकाश घसरतो आणि वाटतं, पावसाने हवा धुतली!

खरा घोळ प्रवाहाच्या मीटरचा. मास-फ्लो मीटर 'स्टँडर्ड' लिटर दाखवतो, म्हणजे ठरावीक मानक दाब आणि तापमानाला त्या हवेचं जे आकारमान होईल ते. ८६० हेक्टोपास्कल आणि २० अंशांना, ० अंशाच्या मानकाने, त्याचा १ लिटर म्हणजे प्रत्यक्षात जवळपास १.२६ लिटर. म्हणून साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरने प्रत्यक्ष प्रवाह मोजा आणि मानक स्थितीची दुरुस्ती शेवटी एकदाच करा. दर आठवड्याला नळीच्या तोंडाला हेपा फिल्टर (जवळपास सगळे कण अडवणारी गाळणी) लावा. आकडा शून्याशी आला नाही, तर कुठलातरी जोड खोलीतली हवा ओढतोय.

यंत्र हलवताना ब्युटानॉल आधी काढा. तिरकं झालं की ते लेन्सवर जातं.

आणि कोरड्या महिन्यांत दुपारचा आकडा वरच्या हवेचा समजू नका. ऊन चढलं की खोऱ्यातली हवा, धुरासकट, उतारावरून माथ्यावर येते. वरच्या हवेसाठी पहाटे २ ते ५ची नोंद वेगळी काढा. तेव्हाही हवेतलं बाष्प कमी झालं नसेल, तर खोऱ्यातली हवा अजून माथ्यावरच आहे असं समजून ती रात्र वगळा.