गंजलेल्या गाडीला पत्रा मारताय? या चुका टाळा

कोकणातली गाडी सडते ती आतून. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि चाकांनी उडवलेला लाल चिखल. हा चिखल मडगार्डच्या आतल्या खाचेत जाऊन बसतो आणि उन्हाळ्यातसुद्धा ओल धरून ठेवतो. बाहेर रंगाला फोड दिसायला लागतो तोवर आतल्या पत्र्याची चाळण झालेली असते. मग मालक येऊन म्हणतो, "मेस्त्री, एवढंसंच भोक आहे, एक तुकडा मारून द्या." शिकायला येणारी पोरंही तशीच. सगळ्यांना वेल्डिंगची गन हातात हवी असते, पत्र्याबद्दल कोणी विचारत नाही. ठिगळ किती वर्षं टिकणार हे मशीन चालू करण्याआधीच ठरलेलं असतं. कोणता पत्रा आणलात आणि जुना कुठपर्यंत कापलात, यावर सगळं आहे.

छपराचा पत्रा गाडीला लावणे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा उचकटून काढली आहे. विचार वरवर बरोबर वाटतो: जीआय (जस्त चढवलेला) पत्रा गंजत नाही, घरावर इतकी वर्षं टिकतो, मग गाडीलाही तोच मारू. पडवीचं काम झाल्यावर उरलेला तुकडा घरात असतोच.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं फ्लोअर नंतर घाईघाईत, मिळेल त्या पत्र्याने झालं. अशीच एक मारुती ८०० माझ्याकडे आली. तक्रार एवढीच, की पायाखालची चटई सुकत नाही आणि कुबट वास येतो. चटई उचलली तर वर डांबराचा जाड थर, छान गुळगुळीत. वेल्डिंगच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टेकवून थोडा जोर दिला, तर तो सरळ खाली गेला आणि जमीन दिसली. डांबर खरवडल्यावर जोड उघडा पडला. सगळ्या जोडात सुईच्या टोकाएवढी भोकं, कडेला पांढरी भुकटी. पत्रा पक्कडीने धरून ओढला, तर कापडासारखा सोलून हातात आला. खाली जुनं सडलेलं फ्लोअर जसंच्या तसं! दोन थरांच्या मध्ये पुराचा गाळ, अजून ओला. ड्रायव्हरच्या सीटचा मागचा बोल्ट ज्या पत्र्यात होता तो मला हाताने वर उचलता येत होता. त्या सीटवर बसून माणूस रोज हायवेला जात होता. ज्या गॅरेजने हे केलं त्यांनी पैसे पूर्ण घेतले होते.

असं का होतं ते समजून घ्या. जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होते, ती वितळलेल्या धातूतून वाट काढते आणि जोडात भोकं ठेवून जाते. पांढरा धूर दिसतो तो हाच. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. मुलांना वाटतं पावसात भिजल्यामुळे झालं. शिवाय छपराचा पत्रा बहुतेक वेळा मुद्दाम कडक केलेला असतो, कारण त्याला वाशांवर ताठ राहायचं असतं. गाडीच्या वळणावर तो बसत नाही. ठोकला तर उसळून परत येतो, जास्त वळवला तर चिरतो.

गाडीला सीआर पत्राच लागतो, म्हणजे कोल्ड रोल्ड (थंड लाटलेला), अॅनिल केलेला, म्हणजे तापवून मऊ केलेला. दुकानात सीआरसीए म्हणून मागा. भारतीय मानक आयएस ५१३ चा पत्रा असतो आणि त्यात ओढकामासाठीचे डीडी आणि ईडीडी असे मऊ दर्जे मिळतात. मडगार्डच्या कमानीसारखं वळणदार काम असेल तर मी ईडीडी शोधतो, सपाट फ्लोअरला साधा डी दर्जा चालतो. लेबलवर विश्वास ठेवत बसू नका. कोपरा कापा, दुमडा, हातोडीने पूर्ण चपटा करा. घडीच्या पाठीवर चीर दिसली तर तो पत्रा तिथेच सोडा.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या मूळ पत्र्यावर कारखान्यातूनच पातळ जस्त असतं. तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर जस्त घासून चकचकीत लोखंड काढा आणि मगच टाका (वेल्डिंगचा ठिपका) मारा. घासताना मास्क हवा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने काही अडत नाही.

गेज अंदाजाने सांगणे

"वीस गेज द्या" असं म्हणून पत्रा आणणारे खूप. कशावरून वीस? "सगळे तेच लावतात." ही चूक लहान वाटते, पण तिचा त्रास शेवटच्या पॉलिश पेपरपर्यंत पुरतो.

आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलीमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. गाडीच्या बाहेरच्या कातडीला, म्हणजे दार, मडगार्ड, बॉनेट यांना, साधारण ०.७ ते ०.८ चा पत्रा असतो. फ्लोअर थोडं जाड, आतल्या पट्ट्या आणखी जाड. त्यामुळे एक गेज संपूर्ण गाडीला चालत नाही.

मोजायला मायक्रोमीटर वापरा, पण रंगासकट मोजू नका. कारखान्याचा रंग एका बाजूला साधारण ०.१ मिलीमीटर भरतो. दोन्ही बाजू धरल्या तर ०.७ चा पत्रा ०.९ दाखवतो आणि तुम्ही २२ च्या जागी २० गेज घेऊन येता. गंजलेल्या कडेवरही मोजू नका. तिथे एकतर पत्रा खाल्लेला असतो किंवा गंजाने फुगलेला असतो. त्याच पॅनेलच्या चांगल्या भागात नाण्याएवढी जागा दोन्ही बाजूंनी खरवडून मोजायची. काम संपल्यावर तिथे प्रायमर लावायला विसरायचं नाही.

जाड पत्रा लावला तर मजबूत होईल, असं मालकही सांगतात. होत नाही. १.२ चा तुकडा ०.७ च्या दाराला जोडताना जाड बाजू वितळेल इतका करंट ठेवला, की पातळ बाजूला भोक पडतं. भोक भरायला अजून वेल्डिंग, त्याने अजून ताप, मग दार वाकडं, मग त्यावर पुट्टीचा थर. नवखा माणूस मशीनला दोष देतो. मशीनचं काही चुकलेलं नसतं.

मी दुकानात वजनही बघतो. ८ बाय ४ फुटांचं २० गेजचं पान साधारण २१ किलो भरतं, २२ गेजचं साडेसोळा-सतरा. पानावर खडूने लिहिलेल्या आकड्यापेक्षा काटा खरा.

बाकीचे पत्रे थोडक्यात. तेलाच्या डब्याचा पत्रा नको, तो अर्धा मिलीमीटरसुद्धा नसतो. काळी पपडी असलेला एचआर, म्हणजे गरम लाटलेला, पत्रा नको. अॅल्युमिनियमचा तुकडा रिव्हेटने मारणं तर अजिबात नको: दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की अॅल्युमिनियमचा तुकडाच वेगाने सडतो.

भोकाएवढंच कापणे

गंज दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द. जिथे पुट्टी असेल तिथे लोहचुंबक धरत नाही. आवाज बदलतो तिथे मी खडूने खूण करतो आणि तिच्या बाहेर अजून इंचभर जाऊन कापतो. मालकाचा चेहरा पडतो, कारण मुठीएवढ्या भोकाची ताटाएवढी खिडकी झालेली असते. त्याला पाठीमागची बाजू दाखवा. दाखवल्यावर आजवर कोणी वाद घातलेला नाही.

सडक्या कडेवर टाका धरत नाही. धरलाच तरी तो गंजाला धरतो, लोखंडाला नाही. आणि जुन्यावर नवा तुकडा नुसता ठेवून कडा जोडणं म्हणजे दोन थरांमध्ये पाण्यासाठी कायमची जागा करून देणं. उघड्या पॅनेलवर मी कड-कडेला जोड देतो, मध्ये साधारण पत्र्याच्या जाडीएवढी फट. एकावर एक ठेवणं भागच असेल, तर आतल्या बाजूंना आधी वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं) आणि काम झाल्यावर कडेने सीलर.

आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढा. पुठ्ठा कापायला पाच मिनिटं जातात, चुकलेला पत्रा परत मिळत नाही. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात ताप साठतो आणि भोक आधी तिथेच पडतं.

साफसफाईचे शॉर्टकट

संडास साफ करायचं अॅसिड गंजावर ओतणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हे करू नका. गंज दोन मिनिटांत जातो हे खरं. पण त्यातलं क्लोराइड पत्र्याच्या घडीत उतरतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. पुढच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. त्याच्या वाफेने गॅरेजमधले पाने आणि हातोड्यासुद्धा लाल होतात. वायर ब्रश आणि फ्लॅप डिस्क मारा. उघड्या भागात उरलेल्या बारीक खड्ड्यांना फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट रिमूव्हर लावा आणि बाटलीवर लिहिलंय तसं ते साफ करून सुकवा.

नवा सीआर पत्रा तेल लावून येतो. ते तेल थिनरने पुसा, फडकं बदलून परत पुसा. ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीनवालं असेल आणि त्यावर वेल्डिंगचा ताप आला तर विषारी वायू तयार होतो. उघडं लोखंड रात्रभर तसंच ठेवू नका. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, आणि त्यावर मारलेला प्रायमर फुकट जातो.

टाके लांब लांब मारा, एक इथे, दुसरा समोरच्या कडेला, आणि हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्या. एका दमात रेघ ओढणाऱ्यांची दारं मी बघितली आहेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आतली चटई काढा, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवा. यात सवलत नाही.

दाराखालचा फूटबोर्ड, खांब, सीट बेल्टचे बोल्ट आणि सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा यांना वरचं काहीच लागू होत नाही. नव्या गाड्यांच्या खांबात अति कडक पोलाद असतं, तिथे मऊ सीआरचं ठिगळ मारणं धोक्याचं आहे. कंपनीचा पूर्ण भाग आणा आणि त्यांनी सांगितलेल्या जागीच जोड द्या. फूटबोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीला आतून पाइपचा आडवा आधार द्या, नाहीतर गाडी मधून बसते आणि दार परत लागत नाही.

रंग सुकल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण) फवारा आणि दाराच्या व फूटबोर्डच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. वॅक्स आणि सीलरने ती हमखास बुजतात. मग पाइपने वरून पाणी सोडा आणि ते खालून धारेने बाहेर येतंय ना ते वाकून बघा, त्याआधी किल्ली मालकाच्या हातात देऊ नका.