उन्हाळ्यात जुना संगणक झाकण काढून चालवताना

विदर्भातील गावांत मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांच्या बहुतेक चिप ७० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठीच बनवलेल्या असतात. झाकणाखाली हवा कोंडली की दोहोंतील अंतर फार उरत नाही.

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकामध्ये सर्वाधिक तापतो तो ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे वीजदाब स्थिर ठेवणारा भाग. अडॅप्टरकडून येणारे सुमारे ९ व्होल्ट तो ५ वर आणतो आणि उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो. म्हणजे १ अँपिअर प्रवाहाला ४ वॅट. गावातला वीजदाब रात्री उशिरा चढला की अडॅप्टरचाही दाब चढतो व रेग्युलेटर आणखी तापतो, म्हणून झाकण काढण्याआधी स्टॅबिलायझर लावावा, असे माझे ठाम मत आहे. स्पेक्ट्रमचे झाकण ओढून काढू नये, कारण कीबोर्डच्या पातळ पट्ट्या त्यालाच जोडलेल्या असतात आणि जुन्या झाल्यावर त्या चटकन तुटतात. स्क्रू काढून झाकण हलकेच तिरपे उभे करून ठेवावे.

कमोडोर ६४ या त्याच काळातील घरगुती संगणकाच्या काही बोर्डांवर पुठ्ठ्याला चिकटवलेला धातूचा पत्रा असतो. तो उष्णता अडवतो, तेव्हा काढून टाकावा. मात्र ज्या धातूच्या आवरणाच्या पट्ट्या थेट चिपवर टेकलेल्या असतात, ते आवरण चिपची उष्णता बाहेर नेत असते. ते तसेच राहू द्यावे.

१९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक-शिक्षण योजनेतून भारतातील शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाचा वीजपुरवठा पेटीच्या आतच असतो. घरात लहान मुले असल्यास तो उघडा चालवू नये, आणि आतली वीजपुरवठ्याची डबी तर कधीच उघडू नये.

उघडे यंत्र कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नये. साधा टेबल पंखा बाजूने, मंद वेगावर पुरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरभर उडणारे तंतू बोर्डावर साचून पुन्हा उष्णता कोंडतात, म्हणून आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून मऊ ब्रशने ते झाडावेत. दिव्याभोवतीच्या किड्यांमागे पाल येते आणि तिच्या अंगामुळे दोन पिनांमध्ये शॉर्ट होऊ शकतो. म्हणून काम संपल्यावर यंत्र निवू द्यावे व मगच सुती कापडाने झाकावे.

बोर्डावर काचेची खिडकी असलेली ईप्रॉम चिप (माहिती साठवणारी, पण प्रकाशातील अतिनील किरणांनी पुसली जाणारी चिप) असेल, तर तिच्यावरचे लेबल निघालेले नाही ना, हे पाहून घ्यावे. घराच्या खिडकीतून येणाऱ्या थेट उन्हात तिच्यातील माहिती हळूहळू पुसली जाते.