जुना फ्लॅट घेताना स्ट्रक्चरल तपासणीत होणाऱ्या चुका

जुन्या सोसायटीतील फ्लॅट घेताना कागदपत्रांसाठी वकील आधीच गाठला जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची आठवण मात्र विसार देऊन झाल्यावर येते, आणि तेव्हा माघार घेणे महागात पडते. विसार आधी देणे भागच असेल, तर तपासणीचा अहवाल प्रतिकूल आल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, ही अट विसारपत्रात लिहून घ्यावी.

‘बँकेचा माणूस पाहून गेला आहे’ हे एजंटचे वाक्य तपासणीच्या जागी धरू नये. तो तारणाची किंमत ठरवतो, सळयांची अवस्था नव्हे.

इमारत मजबूत असल्याच्या, सोसायटीने दाखवलेल्या एक पानी प्रमाणपत्रावर समाधान मानणे, ही त्याहून मोठी चूक. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे 3 वर्षांतून एकदा व्हायला हवे. म्हणून छायाचित्रे व चाचण्यांचे आकडे असलेला मूळ अहवाल मागावा आणि त्यात सुचवलेली कामे झाली का, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तावरून पडताळावे. अहवालात इमारतीचा धोक्याचा वर्गही पाहावा: मुंबईत ‘सी-1’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावी अशी इमारत. ‘सी-2बी’ म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती लागणारी, जिची वर्गणी उद्या नव्या सभासदाच्याही माथी येते.

तपासणी फ्लॅटच्या चार भिंतींत उरकली, तर निम्मे काम बाकी राहते. पार्किंगमधील खांब, गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि डक्ट पाहिलेच पाहिजेत. 2017 मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांकडेच बोट दाखवले गेले होते. घराच्या आत नव्या रंगाने आणि फॉल्स सीलिंगने फसू नये. टॉयलेटखालच्या स्लॅबपाशी सीलिंगचा एखादा तुकडा उतरवण्याची परवानगी मालकाकडून घ्यावी, आणि तो नाहीच म्हणाला तर त्या नकाराचाही विचार करावा. गिलाव्यावरील केसासारखी भेग बहुधा निरुपद्रवी असते, पण खांबावर उभी, सळईला समांतर गेलेली भेग आत गंज धरल्याची खूण असू शकते. अशा ठिकाणी नुसत्या नजरेवर विसंबू नये. काँक्रीट ताजे फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन फवारले, की क्षारता टिकलेला भाग गुलाबी होतो. सळईपर्यंत रंगच आला नाही, तर तिचे गंजापासूनचे संरक्षण संपले आहे असे समजावे. या फोडाफोडीस सोसायटीची लेखी परवानगी लागते आणि ती मिळण्यास वेळ जातो, हे आधीच गृहीत धरावे.

इंजिनिअर एजंटने सुचवलेला किंवा दुरुस्तीचे कंत्राटही घेणारा नसावा; महापालिकेकडे नोंदणी असलेला, स्वतः निवडलेला असावा. कोणते भाग झाकलेले असल्याने पाहता आले नाहीत, याचीही यादी त्याच्याकडून अहवालात लिहून घ्यावी.