बदलत्या आयपी यादीने लॉग गाळताना या चुका टाळा

सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीतून, ठरावीक आयपी पत्त्यांच्या (नेटवर्कवरील यंत्रांच्या क्रमांकांच्या) नोंदी वगळणे किंवा तेवढ्याच वेगळ्या काढणे हे काम एका ओळीच्या आज्ञेत होण्यासारखे दिसते, आणि यादी स्थिर असेल तर ते तसे होतेही. अडचण सुरू होते ती यादी बदलू लागल्यावर. देखरेखीची यंत्रे नवीन पत्ते घेतात, संशयित पत्त्यांची यादी दर तासाला बाहेरून उतरवली जाते, इंटरनेट सेवा बदलली की कार्यालयाचा पत्ताही बदलतो. अशा वेळी लोक फिल्टरच्या मांडणीवर तासन्‌तास डोके चालवतात आणि यादीची फाइल उघडूनही पाहत नाहीत. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ मात्र यादीतच सापडले आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहावयास मिळतात, म्हणून त्या येथे मांडत आहे.

यादीतली रिकामी ओळ

ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो, कारण ती झाल्यावर कोणताही आरडाओरडा होत नाही. ग्रेपला (मजकुरातून जुळणाऱ्या ओळी शोधणाऱ्या आज्ञेला) मायनस छोट्या एफ या पर्यायाने यादीची फाइल दिली की त्या फाइलमधली प्रत्येक ओळ एक नमुना मानली जाते. रिकामी ओळ हाही एक नमुनाच असतो आणि तो लॉगमधल्या प्रत्येक ओळीशी जुळतो. सोबत मायनस व्ही असेल, म्हणजे जुळणाऱ्या ओळी वगळायच्या असतील, तर सगळ्याच ओळी वगळल्या जातात. याउलट यादीची फाइल पूर्णपणे रिकामी असेल, तर एकही नमुना नसल्यामुळे काहीच वगळले जात नाही आणि सगळा लॉग जसाच्या तसा बाहेर येतो. शून्य ओळी आणि एक रिकामी ओळ यांत असा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एका संस्थेत हे कसे घडले ते मी जवळून पाहिले आहे. तेथे देखरेखीच्या यंत्रांकडून येणाऱ्या नेहमीच्या नोंदी वगळून उरलेल्या नोंदींवर इशारे पाठवले जात. यंत्रे येत-जात असल्यामुळे त्यांच्या पत्त्यांची यादी एक स्क्रिप्ट दर शुक्रवारी रात्री नव्याने तयार करीत असे. एका शुक्रवारी रात्री स्क्रिप्ट चालली त्याच क्षणी एक यंत्र नुकतेच सुरू होत होते. त्याची नोंद झाली होती, पण त्याला पत्ता मिळायचा होता. स्क्रिप्टने त्याच्या नावापुढची मोकळी जागा प्रामाणिकपणे यादीत उतरवली. शनिवार-रविवार एकही इशारा आला नाही आणि सर्वांना वाटले की या वेळी सुट्टी निवांत गेली. सोमवारी कोणीतरी लॉगिनला वेळ का लागतो म्हणून मूळ लॉग उघडला, तेव्हा एसएसएचवर, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीवर, पासवर्डचे अंदाज लावण्याचे प्रयत्न दोन दिवस अखंड चालू असल्याचे दिसले. त्यानंतरचा अर्धा दिवस इशारे पाठवणाऱ्या यंत्रणेवर, मेल सर्व्हरवर आणि नेटवर्कवर संशय घेण्यात गेला. शेवटी यादीवर कॅट ही फाइल दाखवणारी आज्ञा मायनस मोठ्या ए पर्यायासह, म्हणजे अदृश्य चिन्हेही दिसतील अशी, चालवली, तेव्हा दोन पत्त्यांच्या मधल्या ओळीवर फक्त एक डॉलरचे चिन्ह दिसले. ओळीचा शेवट दाखवणारे ते चिन्ह, आणि त्याच्या आधी काहीही नाही.

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे रिकाम्या ओळी गाळून टाकणे. तो अपुरा आहे. त्या ओळीवर एकच स्पेस असेल तर ती रिकामी मानली जात नाही, मात्र स्पेस हा नमुना म्हणून लॉगच्या जवळपास प्रत्येक ओळीशी जुळतो आणि परिणाम तोच होतो. म्हणून काय काढून टाकायचे याची मोजदाद करण्याऐवजी काय आत येऊ द्यायचे ते ठरवावे. माझी पद्धत अशी की यादीतील प्रत्येक ओळ पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलमधून (पत्ते तपासणाऱ्या भागातून) जाते. ज्या ओळीचा वैध पत्ता बनत नाही तेथे संपूर्ण नवी यादी नाकारली जाते आणि जुनी चालू राहते. एवढ्याशा कामासाठी पायथन कशाला, असे विचारणारे नेहमी भेटतात. ज्या एका ओळीवर रात्रभराची सुरक्षा अवलंबून आहे, तिच्यासाठी हा खर्च मला मुळीच जास्त वाटत नाही.

याच तपासणीत बाहेरून उतरवलेल्या याद्यांचाही बंदोबस्त होतो. दूरचा सर्व्हर बंद असेल तर पुष्कळदा यादीऐवजी त्रुटीचा संदेश असलेले एचटीएमएलचे (वेबचे) पान हाती येते आणि तेच यादी म्हणून साठवले जाते. कर्लला (फाइल उतरवणाऱ्या आज्ञेला) मायनस छोटा एफ दिल्यास ४०४, म्हणजे पान सापडले नाही, यासारख्या उत्तरावर ते अपयश कळवते; तथापि काही सर्व्हर २००, म्हणजे सर्व ठीक, असे म्हणत लॉगिनचे पान पाठवतात, त्यामुळे मजकूर तपासण्याला पर्याय नाही. नवी यादी आधीच्या यादीच्या निम्म्याहून लहान झाली असेल तर मी तीही आपोआप लागू होऊ देत नाही. निम्मे हा आकडा कोठल्या पुस्तकातला नाही, केवळ सवयीचा आहे.

ठिपका आणि अर्धवट जुळणी

यादीत १०.०.०.१ असेल आणि ग्रेप साधेच चालवले, तर १०.०.०.१० ते १०.०.०.१९ आणि १०.०.०.१०० ते १०.०.०.१९९ हे सगळे पत्तेही जुळतात, म्हणजे शेवटच्या भागापुरतेच पाहिले तरी एकाऐवजी १११ पत्ते. शिवाय ११०.०.०.१ आणि २१०.०.०.१ वेगळेच. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (नमुने लिहिण्याच्या भाषेतला) ठिपका कोणत्याही अक्षराशी जुळत असल्यामुळे पाठवलेल्या बाइटांचा १०२०३०४१ हा आकडासुद्धा १०.०.०.१ म्हणून धरला जातो. ग्रेपचा मोठा एफ पर्याय ठिपक्याला ठिपकाच मानतो आणि मायनस डब्ल्यू अर्धवट जुळणी थांबवतो, म्हणून हे दोन्ही पर्याय एकत्र द्यावेत हा किमान नियम झाला.

तरीही तोच पत्ता यूआरएलमध्ये किंवा संदेशाच्या मजकुरात आला असेल तर ती ओळ जुळतेच. त्यामुळे ओळीत पत्ता कोठेही शोधण्यापेक्षा पत्त्याचा रकाना काढून त्याची नेमकी तुलना करणे मला योग्य वाटते. वेब सर्व्हरच्या प्रचलित लॉगमध्ये तो पहिला रकाना असतो. एसएसएचच्या अयशस्वी प्रयत्नांच्या नोंदीत तो फ्रॉम या शब्दानंतर येतो. हे काम ऑकमध्ये, म्हणजे रकान्यांनुसार मजकूर हाताळणाऱ्या आज्ञेत, चांगले होते, मात्र येथेही रिकामी यादी आडवी येते. आधी यादी वाचायची आणि मग लॉग, यासाठी सर्वत्र नकलून घेतली जाणारी जी ओळ आहे, ती एकूण ओळक्रमांक आणि चालू फाइलमधला ओळक्रमांक समान आहे का एवढेच पाहते. यादी रिकामी असेल तर ही अट लॉगच्या बाबतीतही खरी ठरते, लॉगच यादी म्हणून वाचला जातो आणि बाहेर काहीच येत नाही. त्याऐवजी चालू फाइलचे नाव हे पहिल्या दिलेल्या फाइलचे नाव आहे का ते तपासावे. नवशिके कोठून तरी आज्ञा उचलतात, ती एकदा चालली की समाधान मानतात आणि ती कोणत्या गृहीतकावर उभी आहे हे पाहायला थांबत नाहीत. अशा घाईची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

यादी बदलली, फिल्टर जुनाच

टेल (फाइलच्या शेवटी येणाऱ्या नव्या ओळी दाखवणारी आज्ञा) आणि ग्रेप पाइपने, म्हणजे एकीचा मजकूर दुसरीकडे जाईल असे, जोडून आठवडेच्या आठवडे चालू ठेवणारे हे विसरतात की ग्रेप यादी फक्त सुरुवातीला वाचते. नंतर फाइलमध्ये कितीही बदल केले तरी त्या चालू प्रक्रियेला त्याचा पत्ता नसतो. सिसलॉग-एनजी या लॉग गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील इन-लिस्ट फिल्टरचेही तसेच आहे. यादी बदलल्यावर रीलोड करावेच लागते. आरसिसलॉग या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लुकअप टेबलची (पडताळणीच्या यादीची) फाइल जेसन स्वरूपात ठेवता येते आणि चालू प्रक्रियेला एचयूपी संकेत दिल्यावर ती पुन्हा वाचली जाते. सतत चालणाऱ्या कामासाठी मी हीच सोय वापरतो. मात्र टेबलचा प्रकार स्ट्रिंग असेल तर तेथे अक्षरशः तुलना होते. पत्त्यांचा पट्टा लिहिला म्हणून त्यातले पत्ते ओळखले जात नाहीत.

नवी यादी जुन्या फाइलवरच थेट लिहू नये. शेलमधील पुनर्निर्देशन (आज्ञेचे उत्तर फाइलमध्ये वळवणे) आधी फाइल शून्य करते आणि मग भरते. नेमक्या त्या मधल्या क्षणी कोणी यादी वाचली तर त्याच्या हाती अर्धी किंवा रिकामी यादी लागते. नवी यादी त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने लिहावी, तपासावी आणि मग एमव्ही या नाव बदलणाऱ्या आज्ञेने जुन्या नावावर आणावी. एकाच फाइलसिस्टिममध्ये नाव बदलण्याची क्रिया अखंड असते, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी यादी मिळते किंवा नवी मिळते, मधले काही मिळत नाही.

फिल्टर खरोखर नवीन यादीवर चालत आहे का, हे ओळखण्यासाठी मी प्रत्येक यादीत १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ या पट्ट्यातला एक पत्ता घालून ठेवतो. हा पट्टा केवळ दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखीव असल्यामुळे खऱ्या वाहतुकीत तो येणे अपेक्षित नाही. यादी बदलली की हा पत्ताही त्या पट्ट्यातल्या पुढच्या पत्त्याने बदलतो, लॉगर या लॉगमध्ये नोंद घालणाऱ्या आज्ञेने जुन्या आणि नव्या पत्त्याची एकेक खोटी नोंद पाठवतो आणि कोणती गाळली गेली ते पाहतो. नवी गाळली गेली आणि जुनी दिसली, तरच बदल लागू झाला असे मी मानतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

विंडोजवर तयार झालेल्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न असतो आणि त्यामुळे एकही पत्ता जुळत नाही.

लॉग फाइल रोटेट झाल्यावर, म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू झाल्यावर, टेलचा छोटा एफ जुन्याच फाइलला चिकटून राहतो. मोठा एफ वापरावा.

पाइपमधील मधल्या ग्रेपला लाइन-बफर्ड पर्याय दिला नाही तर नोंदी उशिरा आणि गठ्ठ्याने पुढे जातात.

आरसिसलॉगमध्ये नियम वरून खाली तपासले जातात, म्हणून वगळण्याचा नियम फाइलमध्ये लिहिण्याच्या नियमाखाली ठेवल्यास त्याचा उपयोग नाही.

पत्त्याच्या भागांपुढे शून्ये लावू नयेत. काही प्रणाली ०१० हा आकडा अष्टमान समजून ८ असा वाचतात.

सर्व्हर एकाच सॉकेटवर दोन्ही आवृत्त्यांची वाहतूक घेत असेल, तर आयपीव्ही४ चा पत्ता लॉगमध्ये ::एफएफएफएफ: या उपसर्गासह येऊ शकतो. आयपीव्ही६ चा एकच पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो, त्यामुळे तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजू एकाच रूपात आणाव्यात. त्यातही ग्राहक यंत्रे आपले तात्पुरते पत्ते वारंवार बदलत असतात, म्हणून सुटा पत्ता यादीत घालण्यात फारसा अर्थ नसतो. निदान /६४ चा पट्टा, म्हणजे पहिले ६४ बिट समान असलेले सगळे पत्ते, धरावा.

प्रॉक्सीच्या (विनंत्या पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरच्या) मागच्या सर्व्हरवर सगळ्या नोंदी प्रॉक्सीच्याच पत्त्याने दिसतात. मूळ पत्ता सांगणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरवर विश्वास ठेवावा तो फक्त आपल्याच प्रॉक्सीने दिलेल्या भागापुरता, कारण बाकीचा मजकूर कोणीही पाठवू शकतो. हेच मध्यस्थ लॉग सर्व्हरच्या बाबतीत घडते. आरसिसलॉगमधला फ्रॉमहोस्ट-आयपी (नोंद पाठवणाऱ्याचा पत्ता) हा शेवटच्या टप्प्याचा पत्ता असतो, मूळ यंत्राचा असेलच असे नाही.

आजची यादी, मागच्या महिन्याचा लॉग

रिकाम्या ओळीनंतर मला सर्वाधिक खुपणारी चूक ही आहे. पत्ता कोणाचा हे काळावर अवलंबून असते. क्लाउडमध्ये आज आपल्या देखरेखीच्या यंत्राकडे असलेला पत्ता मागच्या महिन्यात दुसऱ्याच कोणाकडे असू शकतो आणि यंत्र बंद झाल्यावर पुन्हा दुसऱ्याकडे जातो. एखाद्या घटनेचा माग काढताना मागच्या महिन्याच्या लॉगवर आजची यादी लावली, तर त्या वेळी परक्याच्या ताब्यात असलेल्या पत्त्याच्या नोंदी ‘आपल्याच’ म्हणून नाहीशा होतात आणि त्या वेळच्या आपल्या यंत्रांच्या नोंदी संशयास्पद म्हणून पुढे येतात. तपास करणारा मग स्वतःच्याच यंत्रांचा पाठलाग करीत बसतो.

म्हणून यादीत केवळ पत्ता नसावा. माझ्या याद्यांत प्रत्येक पत्त्यासोबत तो कधीपासून लागू आहे, कधीपर्यंत होता, कशासाठी घातला आणि कोणी घातला एवढे चार रकाने असतात. पत्ता निरुपयोगी झाला तर ओळ खोडली जात नाही, शेवटची तारीख भरली जाते. फिल्टरला लागणारी साधी यादी या मूळ फाइलवरून स्क्रिप्टने तयार होते आणि मूळ फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत, राहते. जुना लॉग तपासताना त्या तारखेची यादी नव्याने काढायची आणि तीच वापरायची. लॉगमधल्या वेळा स्थानिक आणि यादीतल्या यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतील तर बदलाच्या दिवशी काही तासांची गल्लत होते. दोन्हीकडे यूटीसीच ठेवावे.

हे सगळे शक्य होते ते मूळ नोंदी शाबूत असतील तरच. डिस्क वाचवण्यासाठी काही जण लॉग लिहितानाच यादीतले पत्ते टाकून देतात. यादीत तेव्हा एखादा पट्टा चुकून /२४ ऐवजी /१६ असा लिहिला गेला असेल, तर २५६ ऐवजी ६५,५३६ पत्त्यांच्या नोंदी कायमच्या गेलेल्या असतात आणि गिटमधली यादी कितीही नीट ठेवलेली असली तरी त्या परत येत नाहीत. गाळणे हे वाचताना, इशारा पाठवताना किंवा अहवाल काढताना करावे. जागा खरोखरच कमी पडत असेल तर जुने लॉग कॉम्प्रेस करून (आकार लहान करून) ठेवावेत, साठवण्याची मुदत कमी करावी, अथवा वगळलेल्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ती लवकर पुसावी. त्या फाइलला मी निदान ३० दिवस देतो, कारण यादीतली चूक त्याच आठवड्यात लक्षात येतेच असे नाही.